आपली वस्ती ‘वारसा परिसर’ कशी घोषित होते? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीतल्या एका बोळात आम्ही काही शेजारी गेली काही वर्षे जुन्या घरांच्या नोंदी करतो आहोत. टेप, वही आणि मोबाइल एवढेच सामान असते. दर वेळी ओसरीवर बसले की तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे इथे लिहून ठेवली आहेत. मी वकील नाही. कायद्याची कलमे वाचून, कार्यालयांत चकरा मारून आणि काही चुका करून जे समजले, ते हे आहे.

वारसा परिसर म्हणजे नेमके काय? एखादी वारसा इमारत आणि हे, यात फरक काय?

वारसा इमारत म्हणजे एकटी वास्तू. सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची १९४० साली सुरू झालेली इमारत किंवा १८६३ चा अजब बंगला घ्या. आजूबाजूला काहीही झाले तरी त्यांची ओळख त्यांच्याजवळ राहते. वारसा परिसराचे तसे नसते. तिथे एकेक घर साधे असू शकते, पण ओळीने उभी असलेली घरे, त्यांच्या दर्शनी भागांची उंची, मधला बोळ, कोपऱ्यावरची विहीर, देऊळ, पिंपळाचा पार हे सगळे मिळून काहीतरी जपण्यासारखे असते. त्यातले एक घर पाडून तिथे पाच मजली पेटी उभी राहिली की उरलेल्या घरांचेही मोल कमी होते.

नियमांत परिसराबरोबर नैसर्गिक वैशिष्ट्यांचाही उल्लेख असतो. म्हणजे तलाव, टेकडी, मोकळे मैदान, जुनी झाडांची रांगसुद्धा यादीत येऊ शकते.

नागपुरात वारसा यादी आहेच ना? मग वेगळी खटपट कशाला?

यादी आहे. त्यात दीडशेच्या आसपास नोंदी आहेत. झिरो माइलचा स्तंभ आहे, कस्तुरचंद पार्क आहे, फुटाळा तलाव आहे. पण यादी चाळून बघा, बहुतेक नोंदी एकेका वास्तूच्या किंवा जागेच्या आहेत. त्यांच्यामधला धागा, म्हणजे महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी इथली सलग वस्ती, तुटत चालली आहे. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेले आणि भोसल्यांनी वाढवलेले हे गाव. मूळ शहराला तट होता. आज गांधी गेट, जुन्या लोकांच्या तोंडचा जुम्मा दरवाजा, तेवढा दिसतो. दरवाजा वाचला, पण त्याच्या आतला रस्ता ओळखू येत नाही. हे टाळायचे असेल तर नुसत्या वास्तूंची यादी पुरत नाही.

यासाठी कायदा कोणता? पुरातत्त्व खात्याकडे जायचे का?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तीन वेगवेगळ्या वाटा आहेत. पहिली केंद्राची. १९५८ च्या कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संरक्षित करते. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. दुसरी वाट राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची, तिचा कायदा वेगळा. या दोन्ही वाटा मुख्यतः स्मारकांसाठी आहेत, राहत्या वस्तीसाठी नाहीत.

तिसरी वाट नगररचनेची आणि वस्तीसाठी हीच कामाची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असू शकते ते दिले आहे. ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांचे जतन हा त्यातला एक विषय आहे. त्या आधाराने राज्यात वारसा नियम झाले. पहिले मुंबईत, १९९५ साली, आणि मग इतर शहरांत. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा इमारती, परिसर आणि नैसर्गिक वैशिष्ट्यांच्या जतनाची तरतूद आहे. नागपूर महापालिका हद्दीत आज तीच पाहायची.

म्हणून अर्ज घेऊन थेट पुरातत्त्व कार्यालयात जाऊ नका. तिथले लोक सौजन्याने बसवतात, चहा देतात आणि महापालिकेचा पत्ता सांगतात.

प्रस्ताव कोण देऊ शकतो? आम्ही साध्या रहिवाशांनी दिला तर चालतो का?

यादीत भर घालण्याचा अधिकृत प्रस्ताव महापालिका किंवा वारसा संवर्धन समिती मांडते, शासनही स्वतःहून पाऊल उचलू शकते. पण त्यांच्या टेबलावर विषय कोणी आणायचा यावर बंधन नाही. रहिवासी, संस्था, वास्तुकला महाविद्यालय, कोणीही आयुक्तांच्या नावे निवेदन देऊ शकते. प्रत वारसा समितीला आणि नगररचना विभागाला द्या, आवक क्रमांक घ्या आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सहा महिन्यांनी कामाला येतो तो फक्त हा क्रमांक.

समितीत साधारणपणे वास्तुविशारद, स्थापत्य अभियंता, नगररचनाकार आणि इतिहासाचे जाणकार असतात. आवारात त्यांना प्रत्यक्ष फिरवता आले तर फारच उत्तम. कागदावर ‘जुनी लाकडी ओसरी’ वाचणे आणि तिच्या खांबाला हात लावणे यांत फार अंतर आहे.

हद्द कशी आखायची?

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वेळ दिला जाणारा भाग आहे. लोक नकाशावर पेनाने एक गोल काढतात आणि म्हणतात, हा आमचा परिसर. असा गोल पहिल्याच सुनावणीत फुटतो.

हद्द रस्त्याच्या मध्यातून न्यायची नाही. बोळाची एक बाजू आत आणि दुसरी बाहेर राहिली तर समोरासमोरच्या घरांना दोन वेगळे नियम लागतात, आणि वारसा तर दोन्ही बाजू मिळूनच होतो. म्हणून हद्द घरांच्या मागच्या बाजूने, परसदारच्या भिंतींवरून न्या. नगर भूमापनाच्या शीटवर प्रत्येक भूखंडाची रेषा असते, तिच्याबरोबर चाला. आत येणाऱ्या प्रत्येक भूखंडाचा नगर भूमापन क्रमांक, शीट क्रमांक आणि मौजा लिहा.

मी इतका आग्रह का धरतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका वाड्याचा मागचा चौक पाडायला सुरुवात झाली. वाडा जुन्या एका यादीत होता, म्हणून आम्ही धावत एका कार्यालयात गेलो. नोंद सापडली. नोंदीत वाड्याचे नाव होते आणि पुढे ‘महाल’ एवढेच. क्रमांक नाही, चतुःसीमा नाही, फोटो नाही. त्या घराण्याच्या नावाने तिथे तीन वाडे आहेत. समोरच्या माणसाने शांतपणे विचारले, “यातला कोणता, ते कशावरून ठरवायचे?” आमच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधेपर्यंत चौकाचे सागवानी खांब ट्रकमध्ये चढले होते. दगडी तळखडे तेवढे मागे राहिले, चार कोपऱ्यांना चार.

आणखी एक गोष्ट. हद्द हावरेपणाने मोठी करू नका. वीस घरांची घट्ट हद्द मंजूर होते, दोनशे घरांची सैल हद्द हरकतींत अडकते. ज्या टोकाला तीन-चार नव्या इमारती सलग आल्या आहेत ते टोक सोडून द्या. मनाला लागते, तरी सोडा. मात्र वस्तीच्या मधोमध एखादी नवी इमारत असेल तर तिला वगळून भोक पाडू नका. ती आत ठेवा आणि तिच्यापुढे ‘वारसा मूल्य नाही, उंचीपुरते नियंत्रण’ असा शेरा लिहा.

घरोघरी नोंद करताना नेमके काय लिहायचे?

प्रत्येक घराला एक पान द्या. वर भूमापन क्रमांक, मालकाने सांगितलेले नाव, राहतो कोण, वापर काय. मग दर्शनी भाग: किती खणी, किती मजली, माडीला गॅलरी लाकडी की लोखंडी, दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी आहे का, दिंडी दरवाजा शिल्लक आहे का. छपरावर कवेलू आहेत की त्यांच्या जागी पत्रे आलेत. आत जाऊ दिले तर चौक, ओसरी, देवघर, विहीर. खांब मोजा. हे फार सांगण्याजोगे वाटत नाही, पण पुढे ‘आधी इतके होते’ हे सिद्ध करायला खांबांची संख्या उपयोगी पडते.

भिंत कशाची आहे हे पाहायला कुठेतरी पोपडा सुटलेली जागा शोधा. एका घरी आम्ही बोटाने सिमेंटचा पापुद्रा जरा हलवला, तर तो परातीएवढा अख्खा सुटून हातात आला. मागची पांढरी माती ओली होती, उन्हाळ्यात. सिमेंटने भिंतीतली ओल कोंडून धरली होती आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत माती पिठासारखी झाली होती. मालकाने तो गिलावा घर जपायच्या भावनेनेच केला होता. अशा नोंदी लिहून ठेवा. परिसर घोषित झाल्यावर दुरुस्तीचे मार्गदर्शन त्यांवरच उभे राहते.

फोटो समोरून, सरळ उभे राहून घ्या आणि तारीख टाका. आजीने सांगितलेली गोष्ट लिहून घ्या, पण ‘घरच्यांच्या सांगण्यानुसार’ असे आधी लिहा. कागद नसताना ‘भोसलेकालीन’ असा शिक्का मारू नका. एक नोंद खोटी निघाली की समोरचा वकील उरलेल्या सगळ्यांवर बोट ठेवतो.

श्रेणी एक, दोन, तीन म्हणजे काय?

श्रेणी एक राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंना मिळते. तिथे आत-बाहेर कुठेच बदल नाही, फक्त आयुष्य वाढवण्यासाठी लागणारे बळकटीकरण. श्रेणी दोन प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाची. बाहेरचे रूप राखून आत बदल आणि नवा वापर चालू शकतो. श्रेणी तीन नगरदृश्याच्या महत्त्वाची, तिथे बाहेरही बदलाला वाव असतो, फक्त परिसराच्या एकूण रूपाला धक्का लागू नये. वस्तीतली बहुतेक घरे तिसऱ्या श्रेणीत बसतात आणि तिथेच बसवावीत. अभिमानापोटी सगळ्या घरांना पहिली श्रेणी मागणारे निवेदन मी पाहिले आहे. अशाने घरमालकच विरोधात जातात.

प्रक्रिया क्रमाने सांगा.

निवेदन आणि नोंदी दाखल झाल्या की वारसा समिती पाहणी करून शिफारस करते. पुढे दोन रस्ते आहेत. शहराचा विकास आराखडा सुधारला जात असेल (कायद्याप्रमाणे वीस वर्षांतून एकदा तरी तो सुधारायचा असतो) तर परिसराची हद्द त्याच्या प्रारूपात घालून घेता येते. प्रारूप कलम २६ खाली प्रसिद्ध होते, लोकांच्या हरकती-सूचना येतात, नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी शासन मंजुरी देते.

आराखडा आधीच मंजूर असेल तर कलम ३७ चा फेरबदल. महापालिकेच्या सभागृहाचा ठराव लागतो, सभागृह अस्तित्वात नसेल तर प्रशासकाचा. मग शासन राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना येते आणि एका महिन्याच्या आत हरकती-सूचना मागवल्या जातात. ज्यांच्यावर परिणाम होतो अशांना वेगळी नोटीस द्यावी लागते, त्यांना ऐकावे लागते. त्यानंतर सूचना प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभरात प्रस्ताव शासनाकडे जायला हवा. नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन शासन मंजूर, बदलून मंजूर किंवा नामंजूर करते. मंजुरीची अधिसूचना राजपत्रात आली, की झाले.

निवेदन दिल्यादिवशी संरक्षण सुरू होत नाही, हे नीट समजून घ्या. मात्र कलम ४६ प्रमाणे बांधकाम परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूप प्रस्तावाचीही योग्य दखल घ्यायची असते. म्हणून राजपत्रातल्या सूचनेची तारीख फार मोलाची. ती निघेपर्यंत धीर धरा आणि निघाल्यावर कात्रण जपून ठेवा.

एका महिन्यात हरकत-सूचना कशी लिहावी? सह्यांची मोहीम पुरते का?

हजार सह्यांचे एक पत्र हे कागदोपत्री एकच पत्र ठरते. त्यापेक्षा परिसरातल्या पन्नास घरमालकांनी आपापल्या भूमापन क्रमांकासह चार ओळी लिहिणे जास्त वजनदार. ‘माझे घर क्रमांक अमुक, प्रस्तावित हद्दीत आहे, मला मान्य आहे, पण श्रेणी दोनऐवजी तीन असावी’ असे ठोस लिहा. पाठिंबा असेल तरी लिहा. पाठिंबा देणारे घरी बसतात आणि विरोध करणारे लिहितात, म्हणून कागदावर सगळी वस्ती विरोधात दिसते. सुनावणीला जाताना भाषण नको, आपल्या घराचे पान न्या.

घर सरकारजमा होते का? विकता येते का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण यामागे भीती आहे. आमच्या बोळातल्या एका आजींनी टेप बघताच विचारले होते, “भाऊ, तुम्ही आमच्या घराले कुलूप लावून राहिले काय?” नाही, आजी. मालकी जशी आहे तशीच राहते. घर विकता येते, गहाण ठेवता येते, वारसांच्या नावे करता येते, त्यात दुकान आणि खानावळ चालवता येते. बंधन येते ते पाडण्यावर आणि रूप बदलण्यावर. कोणालाही आत येऊन बघू द्यायची सक्तीही नाही.

सिव्हिल लाइन्समध्ये मात्र बऱ्याच जागा नझूलच्या, म्हणजे सरकारी भाडेपट्ट्याच्या आहेत. तिथे पट्ट्याच्या अटी आधी वाचाव्या लागतात, वारसा नियम त्यांना रद्द करत नाहीत.

कवेलू फेरायला, रंग द्यायलाही परवानगी?

पावसाळ्याआधी कवेलू फेरणे, तुटलेले बदलणे, नळ दुरुस्त करणे यासाठी कोणी आडवे येत नाही. पण वारसा नियमांत परवानगी लागणाऱ्या कामांची व्याख्या रुंद आहे. बाहेरचा रंग, गिलावा, खास वैशिष्ट्यांची अदलाबदल, सगळे तिच्यात येते. म्हणून लाकडी गॅलरी काढून स्टीलची लावायची, दर्शनी भागावर टाइल्स बसवायच्या किंवा दुकानाचा मोठा फलक ठोकायचा असेल तर आधी विचारा. आयुक्त समितीचा सल्ला घेऊन निर्णय देतात. सल्ल्याच्या विरुद्ध जायचे असेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती कारणे माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागता येतात, ३० दिवसांत उत्तर यायला हवे.

माझे स्पष्ट मत असे, की छोट्या दुरुस्त्यांसाठी वॉर्ड पातळीवर एक पानी अर्ज आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर ही सोय झाली नाही, तर लोक रात्रीतून काम उरकतील. त्यांना दोष देता येणार नाही. गळक्या छपराखाली कोणी समितीच्या बैठकीची वाट बघत बसत नाही. परिसराच्या प्रस्तावातच ही मागणी लिहा.

‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस आली तर?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेल्या बांधकामाबद्दल नोटीस येते. पुष्कळदा वाडा पाडण्याचा सोपा मार्ग म्हणूनही तिच्याकडे पाहिले जाते. नोटीस आली म्हणजे पाडलेच पाहिजे असे नाही. कलमात दुरुस्ती करून, आधार देऊन धोका दूर करण्याचाही मार्ग आहे. लगेच लेखी उत्तर द्या आणि जुन्या लाकडी बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्या. नेहमीची संरचना तपासणी काँक्रीटसाठी बेतलेली असते. सागवानी सांगाड्याच्या घरात भार खांब-तुळयांवर असतो, मातीची भिंत बरेचदा फक्त पडद्यासारखी असते. भिंत फुगली म्हणून घर कोसळणार असा निष्कर्ष काढणारा अहवाल मी वाचला आहे. त्या घरात आजही संक्रांतीचे हळदीकुंकू होते.

आत माणसे राहत असतील आणि धोका खराच असेल तर आधी माणसे बाहेर. याबाबतीत वारशाचा मुद्दा आणू नये.

भाडेकरूंचे काय?

जुन्या वस्तीत मालक पुण्याला आणि भाडेकरू तीन पिढ्या इथे, असे चित्र सर्रास आहे. नागपुरात आधी १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश होता, २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. परिसर घोषित झाल्याने भाडेकरूचे हक्क वाढतही नाहीत, कमीही होत नाहीत. पण नोंद करताना दोघांशी बोला. भाडेकरूशी बोलून मालकाला कळवले नाही, तर मालक पहिल्याच दिवशी हरकत घेतो.

आम्हाला मोबदला काय?

वारसा बंधनामुळे जे चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर बांधता येणारे क्षेत्रफळ, वापरता येत नाही, त्याबदली हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची तरतूद नियमांत आहे. ते विकून आलेला पैसा दुरुस्तीला लावता येतो. वापर बदलाचीही सवलत मिळू शकते, राहत्या वाड्यात कार्यालय किंवा छोटे निवासगृह असे. घरपट्टीत सूट आपोआप मिळेल असे गृहीत धरू नका. आणि घरात पाच भाऊ वाटेकरी असतील तर टीडीआरच्या आधी आखीव पत्रिकेवरची, म्हणजे नगर भूमापनाच्या मालकी उताऱ्यावरची, नावे नीट करा. बहुतेक अर्ज तिथेच अडकतात.

रस्ता रुंदीकरणाची रेषा आमच्या बोळातून जाते. परिसर घोषित झाला तर ती जाईल?

आपोआप नाही. विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी वेगळी दाखवलेली असते, ती वेगळी बदलावी लागते. केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणात महालातल्या कित्येक मालमत्ता बाधित झाल्या, हे आपण पाहिले. म्हणून हद्दीचा प्रस्ताव देताना त्याच अर्जात आतल्या रस्त्यांची रुंदीकरण रेषा वगळण्याची मागणी करा. कारण लिहा: बोळाची रुंदी आणि घरांची उंची यांचे प्रमाण हेच इथले वारसा मूल्य आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, याच जुन्या वस्त्यांतून निघते, दोन्ही बाजूंच्या माड्यांवरून लोक बघतात. रस्ता सहापदरी झाला की बघणाऱ्या माड्याच उरत नाहीत.

झाडे, मैदाने, तलाव?

झाडांसाठी वेगळा आधार आहे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला. सिव्हिल लाइन्सच्या प्रस्तावात झाडांची गणना घातलीच पाहिजे. तिथे बंगल्यांइतकीच आवारे आणि कडुनिंब-चिंचांच्या रांगा महत्त्वाच्या आहेत. मैदानाबाबत एवढेच सांगतो, की मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. कस्तुरचंद पार्कवर काही वर्षांपूर्वी सपाटीकरण चालू असताना जमिनीतून जुन्या तोफा निघाल्या होत्या.

सीताबर्डीचा किल्ला, जिथे नोव्हेंबर १८१७ ची लढाई झाली, लष्कराच्या ताब्यात आहे. तिथे आपली ही प्रक्रिया चालत नाही.

आमच्या परिसरात देऊळ आहे. जीर्णोद्धार थांबेल का?

धार्मिक वास्तूंना वारसा नियमांत मोकळीक असते. धर्मपरंपरेनुसार आवश्यक बदल मान्य होतात, पण ते मूळ बांधणीशी सुसंगत असावेत ही अट असते. दगडी गाभाऱ्यावर ऑइल पेंट आणि सभामंडपाला ग्रॅनाइट हे कोणत्याही परंपरेत सांगितलेले नाही. पंचांशी आधी बोला, नोटिशीतून कळू देऊ नका.

नियम मोडला तर शिक्षा?

परवानगीविना किंवा तिच्या विरुद्ध बांधकाम केल्यास नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद आणि २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. कलम ५३ खाली काढून टाकण्याची नोटीसही निघते. दंडाची रक्कम आजच्या जमिनीच्या भावापुढे काहीच नाही. खरी ढाल आधी काढलेला फोटो आणि वेळेवर केलेली लेखी तक्रार हीच.

एकूण वेळ किती लागतो?

नोंदींना एक उन्हाळा-हिवाळा धरा. पुढचे समिती, ठराव, सूचना, सुनावणी, शासन हे सगळे वर्षांत मोजायचे, महिन्यांत नाही. अधिकारी मध्ये बदलतात, फाइल पुन्हा पहिल्यापासून समजावावी लागते. म्हणून सगळे कागद एका ठिकाणी आणि दोन प्रतींत ठेवा. एक प्रत आमच्यासारखी कोणाच्या तरी देवघराच्या फळीवर असली तरी चालते, तिथे वाळवी लागत नाही ना एवढे बघा.

उद्या सकाळी सुरुवात कुठून करू?

आपल्या घराची आखीव पत्रिका काढा, नगर भूमापन कार्यालयातून किंवा ऑनलाइन. तिच्यावरचा क्रमांक, शीट आणि क्षेत्रफळ वहीत उतरवा. मग दारासमोर सरळ उभे राहून एक फोटो. त्यानंतर डावीकडच्या शेजाऱ्याचे दार वाजवा.